श्रेणी, ज्ञाती आणि विद्वत्संस्था : धातुविद्येच्या इतिहासातील एक बोध
(समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच पार पडला. त्यानंतर चार विचार मांडण्याची कामगिरी आपल्या चिटणीसांनी मजवर सोपवली, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. सत्कार झालेल्या मुलामुलींपैकी कित्येकजण अभियांत्रिकीच्या शाखांत शिकत आहेत, आणि त्यांतील काहींनी धातुशास्त्र अथवा पदार्थविज्ञान हा विषय निवडला आहे, हे ऐकून मला विशेष समाधान वाटले. ज्या त्वष्ट्याने इंद्राचे वज्र घडवले असे ऋग्वेद सांगतो, त्याचे नाव आपण सांगतो. तांबे, पितळ आणि कासे यांच्याशी आपल्या घराण्यांचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. तेव्हा धातूंच्या विद्येविषयी बोलणे या सभेत अस्थानी ठरणार नाही.

मात्र धातू कसा वितळतो अथवा कसा घडतो, हे मी आज सांगणार नाही. त्या विषयात माझ्यापेक्षा जाणते हात या सभागृहात बसलेले आहेत. मला बोलायचे आहे ते धातूंचे काम करणाऱ्या माणसांनी एकत्र येऊन स्थापन केलेल्या संस्थांविषयी. या संस्थांनी काय साधले, कोठे त्या उण्या पडल्या, आणि आपल्यासारख्या कारागिरांच्या वंशजांनी त्यांपासून काय घ्यावे, एवढाच आजचा विषय आहे.

प्राचीन श्रेणी

व्यवसायाच्या पायावर संघटना उभारण्याची कल्पना परदेशातून आली, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. मूळ रकमेला हात न लावता केवळ व्याजातून भिक्षूंचा खर्च चालावा, अशी ती व्यवस्था होती. जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखात तर वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या कुशीत कासारांची एक संघटना होती, आणि लोक विश्वासाने पैसा तिच्या स्वाधीन करीत होते. ही गोष्ट आपल्या प्रत्येक घरी माहीत असावयास हवी.

पुढे काळाच्या ओघात व्यवसाय जन्माशी जखडला गेला, आणि श्रेणीचे स्थान ज्ञातीने घेतले. ज्ञातीने कारागिराला आधार दिला, लग्नकार्यात व संकटात माणसे दिली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु विद्येच्या दृष्टीने तिने एक मोठी हानीही केली. हातातील कसब घराच्या उंबरठ्याबाहेर जाईनासे झाले. बाप मुलाला शिकवी, परंतु शेजाऱ्याला सांगत नसे. मुलगा नसला, अथवा मुलाने दुसरी वाट धरली, की चाळीस-पन्नास वर्षांचा अनुभव चितेबरोबर जळून जाई. आपल्या पूर्वजांची बुद्धी कोणत्याही देशातील कारागिरांपेक्षा कमी नव्हती. उणीव होती ती एवढीच, की एकाला जे कळले ते दुसऱ्याला कळण्याची सोय नव्हती.

लोहाराने काढलेली संस्था

ही उणीव आपल्याकडेच होती असेही नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात मोटारींचे कारखाने झपाट्याने वाढत होते. त्यांना लागणारे दातेरी चाक, आस आणि कमानी यांचे पोलाद योग्य रीतीने तापवून, पाणी देऊन आणि पुन्हा उतरवून तयार करावे लागे. हे काम करणारे कारागीर तापलेल्या लोखंडाचा रंग डोळ्यांनी पाहून अंदाज बांधीत, आणि आपली कृती कोणाला कळू देत नसत. एकाच्या हातचा भाग वर्षानुवर्षे टिके, तर दुसऱ्याच्या हातचा महिन्याभरात मोडे. कारण कोणालाच नीट सांगता येत नसे.

विल्यम पार्क वुडसाइड या, लोहारकामातून पुढे आलेल्या गृहस्थाने १९१३ साली या कारागिरांना एका ठिकाणी बोलावले, आणि पोलादावर उष्णतेचे संस्कार करणाऱ्यांचे एक लहानसे मंडळ स्थापन केले. मंडळाचा हेतू एकच होता. प्रत्येकाने आपला अनुभव सांगावा आणि दुसऱ्याचा ऐकावा. आरंभी लोक कचरले असतील, तर त्यात नवल नाही. आपले गुपित सांगितले तर आपली भाकरी जाईल, ही भीती प्रत्येक कारागिराच्या मनात असते. परंतु अनुभव असा आला की, जो एक गोष्ट सांगे तो दहा गोष्टी घेऊन घरी जाई. दुसऱ्या शहरांतही अशी मंडळे निघाली, १९२० साली ती एकत्र झाली, आणि १९३३ साली त्या संस्थेने अमेरिकन सोसायटी फॉर मेटल्स हे नाव घेतले. आज ती ए. एस. एम. इंटरनॅशनल या नावाने जगभर ओळखली जाते. सभासदांनी एकमेकांना दिलेल्या माहितीच्या सुट्या पत्रकांतून तिचा धातूंविषयीचा प्रसिद्ध संदर्भग्रंथ वाढत गेला. त्याचे आजचे अनेक जाडजूड खंड धातुशास्त्राच्या प्रत्येक चांगल्या ग्रंथालयात असतात.

एका लोहाराच्या आमंत्रणातून जगातील धातुशास्त्रज्ञांचा आधारग्रंथ निर्माण झाला. भट्टीपुढे बसणारा माणूस आणि ग्रंथ लिहिणारा माणूस यांच्यामध्ये आपण जी भिंत मानतो, ती किती तकलादू आहे हे यावरून दिसते.

कोर्टातील कारकुनाची कथा

आता याहून जुनी एक हकीकत सांगतो. लंडन येथे १८६९ साली लोखंड आणि पोलाद यांच्या उद्योगासाठी आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली. त्या काळी हेन्री बेसेमर यांच्या पद्धतीने पोलाद स्वस्त झाले होते, परंतु त्या पद्धतीत एक मोठे वैगुण्य होते. खनिजात फॉस्फरस असला तर तो पोलादातच राहून जाई, आणि असे पोलाद थंडीत काचेसारखे ठिसूळ बने. युरोपातील पुष्कळ खाणींतील खनिजात फॉस्फरस होता. त्यामुळे ते सारे पोलादाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरले होते.

या कोड्याचे उत्तर शोधले ते सिडनी गिलख्रिस्ट थॉमस या तरुणाने. तो ना कारखानदार होता, ना प्राध्यापक. वडील अकाली वारल्यामुळे त्याला लहान वयातच नोकरी धरावी लागली. दिवसा तो लंडनच्या पोलीस कोर्टात कारकुनी करी, आणि संध्याकाळी रसायनशास्त्राच्या व्याख्यानांना जाऊन बसे. बेसेमरच्या भट्टीचे आतले अस्तर वाळूसारख्या आम्लधर्मी पदार्थाचे असते, म्हणून फॉस्फरस बाहेर पडत नाही. अस्तर चुन्याच्या जातीचे केले, आणि भट्टीतही चुना घातला, तर फॉस्फरस मळीत निघून जाईल, असे त्याने ओळखले. त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट वेल्समधील ब्लेनाव्हन येथील लोखंडाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. त्याच्या मदतीने प्रयोग झाले.

१८७८ च्या मार्च महिन्यात लंडनच्या सभेत फॉस्फरसावर चर्चा चालू असता हा तरुण उठला, आणि आपण हा प्रश्न सोडवला आहे असे त्याने सांगितले. मोठमोठ्या कारखानदारांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. त्याच वर्षी संस्थेची सभा पॅरिस येथे भरली. तेथे त्याचा निबंध कार्यक्रमात होता, परंतु तो वाचण्याची पाळी आली नाही, आणि तो पुढे ढकलला गेला. येथपर्यंत ऐकून कोणीही म्हणेल की, असल्या संस्था म्हणजे बड्या लोकांचे मेळावे. परंतु हकीकत येथे संपत नाही. त्याच सभेच्या निमित्ताने मिडल्सब्रो येथील एका मोठ्या कारखान्याचे व्यवस्थापक विंडसर रिचर्ड्स यांची आणि त्याची ओळख झाली. रिचर्ड्स यांनी आपल्या भट्ट्या त्याला प्रयोगासाठी मोकळ्या करून दिल्या. १८७९ च्या एप्रिल महिन्यात प्रयोग यशस्वी झाला, आणि पुढच्याच महिन्यात तो अडून राहिलेला निबंध लंडनच्या सभेत वाचला गेला. १८८३ साली त्याच संस्थेने त्याला बेसेमर सुवर्णपदकाचा मान दिला. १८८५ साली, वयाची पस्तिशीही गाठण्यापूर्वी, तो वारला. त्याच्या पद्धतीने युरोपातील फॉस्फरसयुक्त खनिजाचे डोंगर उपयोगात आले, आणि निघणारी मळी शेतकऱ्यांनी खत म्हणून शेतात घातली.

या हकीकतीत संस्थेचा दोष आणि गुण दोन्ही दिसतात. अनोळखी माणसाचे म्हणणे चटकन न ऐकणे, हा तिचा दोष. परंतु एक कारकून आणि एक कारखानदार ज्या एकाच छपराखाली भेटू शकतील असे ठिकाण उभे करणे, हा तिचा गुण. ते ठिकाण नसते, तर थॉमसची वही बहुधा त्याच्या मेजाच्या खणातच राहिली असती.

पितळेला पडणारे तडे

तिसरे उदाहरण आपल्या घरचेच म्हणता येईल, कारण ते पितळेचे आहे आणि त्याचा आरंभ हिंदुस्थानात झाला. इंग्रजी फौजेची बंदुकीची काडतुसे पितळेची असत. पितळेचा पत्रा थंड स्थितीत ओढून त्यांच्या नळ्या करीत. पावसाळ्यात लष्करी हालचाली मंदावत, तेव्हा दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यांत साठवून ठेवीत. पावसाळा संपल्यावर पाहावे, तो कित्येक काडतुसांना आपोआप तडे गेलेले! त्यांना कोणी हात लावला नव्हता, की ठोकले नव्हते. ऋतू पालटला की हा प्रकार होतो, म्हणून त्याला ऋतूच्या नावानेच ओळखू लागले.

खरे कारण बरीच वर्षे उमगले नाही. लंडनमध्ये १९०८ साली तांबे, पितळ इत्यादी धातूंसाठी इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्स ही संस्था निघाली होती. तिच्या नियतकालिकात १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी या गोष्टीचा उलगडा केला. थंड पितळ ठोकले अथवा ओढले म्हणजे त्याच्या अंगात ताण कोंडून राहतो. तबेल्यात घोड्यांच्या मूत्रापासून अमोनिया वायू सुटतो. कोंडलेला ताण, दमट हवा आणि अमोनिया ही तीन एकत्र आली की पितळेच्या कणांमधील सांधे उकलू लागतात आणि तडा जातो. यावर उपायही साधाच निघाला. घडण पूर्ण झाल्यावर वस्तू मंद आचेवर तापवावी. त्याने ताण जातो, आणि पितळेचा कठीणपणा मात्र राहतो.

आपल्यापैकी ज्यांनी हंडे-घागरी घडवल्या आहेत, ते हे ऐकून हसतील. ठोकताना पितळ कडक झाले की ते पुन्हा तापवून नरम करावे लागते, हे त्यांना शिकवावे लागत नाही. न तापवता पुढे ठोकत राहिले, तर भांडे फुटते, हेही त्यांना ठाऊक असते. ज्ञानाचा एक धागा आपल्या आळीत होता, आणि दुसरा प्रयोगशाळेत. ते दोन धागे एकत्र बांधील असे ठिकाण मात्र आपल्याकडे नव्हते. आपल्या एखाद्या जाणत्या कारागिराने आपला अनुभव कोठे सांगावा, कोणी तो लिहून घ्यावा आणि कोणी तो तपासावा, याची कसलीही व्यवस्था नव्हती. विद्या असूनही ती नोंदली न गेल्यामुळे आपण कारागीर राहिलो, आणि शास्त्रज्ञ दुसरे झाले.

मापाचा तंटा

या संस्थांचे आणखी एक काम फारसे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ते म्हणजे गुणवत्तेची मापे ठरवणे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया रेल्वेत चार्ल्स डडली नावाचे रसायनतज्ज्ञ होते. रुळांचे पोलाद कसे असावे, याबद्दल त्यांनी संशोधन करून मत मांडले. तेव्हा रूळ बनवणारे कारखानदार नाराज झाले. घेणाऱ्याने आम्हांला शिकवू नये, असा त्यांचा भाव होता. हा तंटा मिटवण्यासाठी घेणारा आणि देणारा या दोघांनी एकाच समितीत बसून माप ठरवावे, ही वाट निघाली. १८९८ साली स्थापन झालेल्या संस्थेतून पुढे ए. एस. टी. एम. या नावाने ओळखली जाणारी मानकांची संस्था वाढली, आणि डडली हे तिचे अध्यक्ष होते.

आपल्याकडे भारतीय मानक संस्था १९४७ साली सुरू झाली. तीच आजची भारतीय मानक ब्युरो होय. सोन्याच्या दागिन्यांवरील हॉलमार्क तिचाच, आणि तो २०२१ सालच्या जून महिन्यापासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. सोनाराच्या कसोटीवर ज्याचा विश्वास असे, तो आता चिन्हावर विश्वास ठेवतो. असली मापे ठरतात तेथे सरकारी अधिकारी असतात, कारखानदार असतात आणि अभ्यासकही असतात. आपल्यासारख्या हातकारागिरांचा आवाज तेथे क्वचितच पोहोचतो. न बोलणाऱ्याच्या वतीने दुसरा कोणी बोलत नाही, हा व्यवहार आहे. त्याबद्दल कुरकुर करण्यापेक्षा तेथे जाऊन बसण्याची पात्रता आणि सवय आपण मिळवली पाहिजे.

आपल्या देशातील संस्था

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, दारा अँटिया यांच्यासारख्या मंडळींच्या पुढाकाराने कलकत्त्यास इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मेटल्स स्थापन झाली. त्या वेळी देशात पोलादाचे कारखाने बोटांवर मोजण्याइतके होते, आणि धातुशास्त्र शिकवणारी महाविद्यालयेही थोडी होती. तशा काळात कारखान्यातील अभियंता, प्रयोगशाळेतील संशोधक आणि महाविद्यालयातील अध्यापक यांना एकत्र आणण्याचे काम या संस्थेने केले. पुढे १९५० साली जमशेदपूरला राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळा उभी राहिली, नवे पोलाद कारखाने निघाले, आणि त्यांसाठी लागणारी माणसे या संस्थेच्या सभांत एकमेकांस भेटत गेली. तिच्या शाखा मुंबईस आणि पुण्यासही आहेत. मातीच्या आणि काचेच्या वस्तूंसाठी इंडियन सिरॅमिक सोसायटी १९२८ सालापासून आहे. पदार्थविज्ञानाच्या सर्व शाखांना एकत्र आणणारी मटेरियल्स रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया प्रा. सी. एन. आर. राव यांच्या पुढाकाराने १९८९ साली निघाली.

येथे एक शंका घेतली जाते. आज हातातल्या फोनवर वाटेल ती माहिती मिळते, मग वर्गणी भरून सभासद कशाला व्हावे? याचे उत्तर असे आहे. माहिती सर्वत्र मिळते, परंतु ती खरी की खोटी हे सांगणारा माणूस सर्वत्र मिळत नाही. आपला निष्कर्ष दहा जाणत्यांपुढे मांडावा, त्यांनी प्रश्न विचारावेत, चूक दाखवावी, आणि ती आपण राग न मानता सुधारावी, ही शिस्त एकट्याने बसून अंगी येत नाही. शिवाय ग्रंथांत यशाचीच वर्णने अधिक असतात. ओतकामात पोकळी का राहिली, सांधा का उखडला, हे माणूस चहाच्या पेल्यावर विश्वासू सहव्यवसायीलाच सांगतो. आणि धातूची विद्या पुढे जाते ती अशा फसलेल्या कामांच्या कारणमीमांसेतूनच.

आपण काय करावे

ज्ञातिसंस्थेचे सभासदत्व जन्माने मिळते, तर विद्वत्संस्थेचे कामाने मिळवावे लागते. दोहोंचे क्षेत्र वेगळे आहे, आणि एकीने दुसरीचे काम करण्याचा अट्टाहास करू नये. आपल्या संस्थेने गरजू मुलांना शिष्यवृत्ती द्यावी, वसतिगृह चालवावे, आजारपणात धावून जावे, हे तिला शोभते. परंतु आपला मुलगा अथवा मुलगी अभियंता झाली म्हणजे तिने आपल्याच माणसांत राहावे, अशी अपेक्षा धरणे तिच्या विद्येला मारक ठरेल. तिला अशा ठिकाणी पाठवले पाहिजे, जेथे तिचे आडनाव कोणी विचारणार नाही आणि तिचे काम मात्र प्रत्येकजण तपासील.

म्हणून तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली अशी की, धातुशास्त्र अथवा पदार्थविज्ञान शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना संबंधित विद्वत्संस्थेचे विद्यार्थी-सभासद करावे, आणि त्यांची पहिल्या दोन वर्षांची वर्गणी शिष्यवृत्ती निधीतून द्यावी. रक्कम लहान आहे, पण सवय मोठी लागेल.

दुसरी सूचना ज्येष्ठांविषयी आहे. पुण्याच्या तांबट आळीतील मठारकाम आज देशोदेशी नावाजले जाते, परंतु ते करणारे हात थोडे उरले आहेत. स्टेनलेस स्टील आणि अल्युमिनियम यांनी स्वयंपाकघर व्यापल्यापासून कित्येक घरांतील ऐरणी कायमच्या थंडावल्या. ज्यांच्या हाती अजून कसब आहे त्यांच्याकडून मठारकाम, डाक, कल्हई आणि ओतकाम यांची कृती तपशीलवार लिहून घ्यावी. कोणता धातू, किती ताव, कोणते हत्यार, कोणत्या चुकीने काय बिघडते, हे सारे त्यांच्याच शब्दांत नोंदवावे. आपल्या तरुण अभियंत्यांनी हे काम हाती घेतले, तर ते एका विद्वत्संस्थेच्या सभेत वाचण्यायोग्य होईल, आणि त्या निबंधावर कारागिराचे नाव सहलेखक म्हणून असावे, असा माझा आग्रह आहे.

तिसरी सूचना नोकरी-धंद्यात असलेल्या मध्यमवयीन मंडळींना आहे. नावापुढे दोन अक्षरे लावण्यासाठी सभासद होऊ नये. शाखेच्या सभेस जावे, वर्षातून एकदा तरी आपल्या कामातील एखादी अडचण तेथे मांडावी, आणि दुसऱ्याची अडचण आपल्याला ठाऊक असेल तर मोकळ्या मनाने सांगावी. घेणारेच सारे आणि देणारा कोणी नाही, अशी संस्था फार दिवस जगत नाही.

आपल्या पूर्वजांनी ज्ञान जपले. ते जपले म्हणून टिकले, असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु ज्या घरांत ते टिकले नाही त्या घरांची नावे आज कोणाला आठवतही नाहीत, याचाही विचार करावा. तांब्याचे भांडे वापरात असले तर उजळ राहते, आणि माळ्यावर ठेवले की काळवंडते. विद्येचेही तसेच आहे. जुन्नरच्या डोंगरात ज्या कासारांच्या श्रेणीचे नाव कोरलेले आहे, तिच्यावर लोकांनी विश्वास ठेवला तो ती उघडपणे व्यवहार करीत होती म्हणून. तसा उघडा व्यवहार आपण विद्येच्या बाबतीत सुरू करावा, एवढीच श्रीकालिकामातेच्या चरणी प्रार्थना करतो.